हरलेल्या सामन्यांची वही कशी वाचावी

(वसतिगृहांचे अधीक्षक, क्रीडाशिक्षक आणि देखरेख समितीचे सदस्य यांच्या कोल्हापूर येथील वार्षिक बैठकीत केलेले भाषण)



आज जेवणानंतर आपल्यापुढे येणारा एक विषय विषयपत्रिकेत एका ओळीत मावला आहे. वसतिगृहाच्या फुटबॉल प्रशिक्षकांचे मानधन पुढच्या वर्षी चालू ठेवायचे की नाही? त्यावर मत देण्याआधी कोणीतरी थोडे बोलावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी खेळाडू नाही, प्रशिक्षकही नाही. मुलांच्या हजेरीच्या, खर्चाच्या आणि आजारपणाच्या वह्या तपासणारी मी कार्यकर्ती. पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर फुटबॉल पडतोच. हंगाम सुरू झाला की भाजीवालीसुद्धा पाटाकडील जिंकली की दिलबहार, हे सांगूनच मेथीची जुडी देते.

प्रशिक्षकांविरुद्धची तक्रार मी आधी नीट मांडते, म्हणजे कोणावर अन्याय नको. तक्रार अशी की आपला संघ बरोबरीच्या संघांना हरवतो, दुसऱ्या वसतिगृहांना आणि तालुक्याच्या शाळांना हरवतो. पण शहरातल्या पेठांचे तगडे संघ समोर आले की हरतो. या वर्षी अशा संघांपुढे आपण एकही सामना जिंकलेला नाही. मग प्रशिक्षक ठेवून उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. मानधनाचा पैसा देणगीदारांचा आहे. कोणीतरी पेन्शनमधून, कोणीतरी नर्सच्या पगारातून तो बाजूला काढला आहे. तेव्हा हिशेब मागितलाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की हिशेब मागायचा तर पुरा मागावा. मोठ्या प्रतिस्पर्ध्यापुढे झालेला पराभव हा वहीतला एक आकडा. त्याच्या शेजारी तीन रकाने असतात. समोर कोण होते? हाताशी काय होते? आणि पुढच्या वेळी काय बदलले? हे तीन रकाने रिकामे ठेवून खाली बेरीज मारली, तर ती चुकणारच.

आधी जोड पाहावी

कोल्हापूरकराला जोड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. खासबाग मैदानात कुस्ती लागली की प्रेक्षक आधी विचारतो, जोड कोणाची? वजन काय, वय काय, आजवर कोणाकोणाशी लढला? नावाजलेल्या मल्लाला वीस मिनिटे झुंजवून शेवटी पाठ टेकलेला पोरगा परत येतो तेव्हा लोक त्याच्या हातावर नोट ठेवतात. आपल्यापेक्षा हलक्या पोराला दोन मिनिटांत चितपट करणाऱ्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. त्या पोराच्या वस्तादाचीही किंमत लोक अशीच करतात. पठ्ठा कोणाशी लढला आणि किती टिकला, हे आधी पाहतात.

फुटबॉलला मात्र ही रीत आपण लावत नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एकच निकाल असतो, प्रशिक्षक बदला. निदान आज तरी आपण कुस्तीचा डोळा फुटबॉलला लावून पाहू.

मोठ्यांविरुद्धचा वेगळा हिशेब

मोठ्या संघांविरुद्धचा हिशेब वेगळा काढण्याची सवय अमेरिकेत फार आहे. तिथे कॉलेजांचा फुटबॉल प्रचंड लोकप्रिय आहे. हा त्यांचा हाताने चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल, आपला नव्हे. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था हंगामात दर आठवड्याला पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी जाहीर करते. मग प्रत्येक प्रशिक्षकाच्या नावापुढे लोक दोन हिशेब मांडतात. एक एकूण सामन्यांचा, दुसरा पहिल्या दहांतल्या संघांविरुद्धचा.

पेन स्टेट विद्यापीठाचे जेम्स फ्रँकलिन यांची गोष्ट अलीकडची आहे. २०१४ पासून ते तिथे प्रशिक्षक होते. एकूण १०४ सामने जिंकले, ४५ हरले. कोणीही म्हणेल, उत्तम. पण पहिल्या दहांतल्या संघांविरुद्धचा हिशेब होता ४ विजय आणि २१ पराभव. हा आकडा वर्षानुवर्षे त्यांच्या पाठीशी लागला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ओरेगनच्या संघाकडून ते घरच्या मैदानावर दोन जादा डावांनंतर हरले. पुढच्या दोन आठवड्यांत तर यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्न या, ज्यांना सहज हरवायला हवे होते, अशा संघांकडूनही हरले. १२ ऑक्टोबर २०२५ ला विद्यापीठाने त्यांना दूर केले.

हा निर्णय मला अन्यायाचा वाटत नाही. त्यांच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. खेळाडू देशभरातून पारखून आणलेले. हाताशी बारा हंगाम. एवढे सगळे दिल्यावर, बरोबरीच्या तालेवारांपुढे पंचविसांतून चारच सामने जिंकले, तर मालकाने विचारावेच. म्हणजे मोठ्यांविरुद्धचा हिशेब खोटा नसतो. तो काहीतरी सांगतो, आणि एकूण विजयांच्या गर्दीत ते लपून राहिलेले असते.

पण त्या हिशेबालाही जपून हात लावावा लागतो. ही क्रमवारी दर आठवड्याला बदलते. सामन्याच्या दिवशी आठव्या क्रमांकावर असलेला संघ हंगामाच्या शेवटी पंचविसांतही नाही, असे होते. त्याला हरवलेला प्रशिक्षक मोठा ठरतो, आणि त्या दिवशी क्रमवारीत नसलेल्या पण पुढे बलाढ्य निघालेल्या संघाला हरवलेल्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. शिवाय एका गोलाने हरलेला आणि दहा गोलांनी हरलेला, दोघांच्या नावापुढे पराभव असा एकच शब्द पडतो. तेव्हा आकडा पाहावा, पण त्याच्या मागे कोण उभे आहे तेही पाहावे.

रहीम मास्तरांची वही

आता आपल्याच देशातली वही उघडू. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारताच्या फुटबॉल संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. अजय देवगणचा ‘मैदान’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना ते आठवतील. भारतीय फुटबॉलचे सर्वांत मोठे प्रशिक्षक कोण, असे विचारले तर बहुतेक जाणकार त्यांचेच नाव घेतात.

तीन ऑलिम्पिकमध्ये त्यांचा संघ युरोपच्या संघांशी पाच सामने खेळला. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव. १९५६ मध्ये मेलबर्नला उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाकडून १-४, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. १९६० मध्ये रोमला हंगेरीकडून १-२, आणि फ्रान्सशी १-१ बरोबरी. बेरीज करा. पाच सामने, विजय शून्य, बरोबरी एक, पराभव चार. केलेले गोल ४, झालेले २०.

चहाच्या गाड्यावरचा नियम लावला तर या माणसाला १९५२ मध्येच घरी पाठवायला हवे होते. आता तीन रकाने भरून पाहू.

समोर कोण होते? युगोस्लाव्हियाने १९५२ मध्ये रौप्य मिळवले, १९५६ मध्ये पुन्हा रौप्य आणि १९६० मध्ये सुवर्ण. बल्गेरियाने १९५६ चे कांस्य घेतले, हंगेरीने १९६० चे. म्हणजे त्या चारही पराभवांत समोरचा संघ त्याच ऑलिम्पिकमधून पदक घेऊन गेला.

हाताशी काय होते? हेलसिंकीत आपले काही खेळाडू अनवाणी खेळले. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. ज्या संघाला बूट घालायचे की नाही हे अजून ठरवायचे होते, तो युरोपातल्या पहिल्या दोन-चार संघांपैकी एकाशी भिडला होता.

आणि काय बदलले? आकडे ओळीने वाचा. १-१०, १-४, ०-३, १-२, १-१. मधला बल्गेरियाचा सामना सोडला तर अंतर दर वेळी कमी होत गेलेले दिसते. १९५६ मध्ये मेलबर्नला आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी त्या सामन्यात तीन गोल केले. भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला.

रहीम मास्तर सामन्यांतून काय शिकत होते, ते १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दिसते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असे हरले. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तोच दक्षिण कोरिया समोर आला, आणि या वेळी भारत २-१ ने जिंकला. डोक्याला दुखापत झालेल्या जर्नैलसिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीला खेळवले, आणि अंतिम सामन्यातला एक गोल त्याने केला, दुसरा पी. के. बॅनर्जींनी. प्रतिस्पर्धी तोच, स्पर्धा तीच, खेळाडूही बहुतेक तेच. मधल्या दिवसांत मास्तरांनी जे केले त्याला प्रशिक्षण म्हणतात. प्रशिक्षक मोजायचा तर इथे मोजावा.

हेलसिंकीचे नाव निघाले म्हणून कोल्हापूरची एक आठवण सांगते. ज्या ऑलिम्पिकमध्ये फुटबॉल संघाने दहा गोल खाल्ले, त्याच ऑलिम्पिकमध्ये राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तिथे ज्या दोघांकडून ते हरले त्यांनीच सुवर्ण आणि रौप्य नेले. आणि चार वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये लंडनला, खाशाबा सहावे आले होते. सहाव्या क्रमांकावर थांबून कोणी म्हटले असते की मोठ्यांपुढे याचा निभाव लागत नाही, तर तिसरा क्रमांक आपल्याला पाहायला मिळाला नसता.

शून्य गुणांचा गट

जुन्या गोष्टी झाल्या, आता अलीकडे येऊ. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारत पहिल्यांदाच खेळत होता, आणि त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. प्रशिक्षक होते पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मॅटोस. संघ त्यांच्या हाती आला मार्च २०१७ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या जेमतेम सात महिने आधी.

निकाल तुम्हाला आठवत असतील. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तीन सामने, तीन पराभव, एक गोल, नऊ गोल अंगावर. गुण शून्य.

पण गटाचा तक्ता पाहा. अमेरिका, कोलंबिया आणि घाना, तिघांचेही सहा-सहा गुण. तिघेही बाद फेरीत गेले. त्या तिघांनी एकमेकांना हरवले आणि आपल्याला प्रत्येकाने हरवले. गटात सोपा पेपर नव्हताच.

कोलंबियाच्या सामन्याचा शेवट तर प्रत्येक क्रीडाशिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगने हेडर मारून बरोबरी केली. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. अख्खे स्टेडियम उभे राहिले. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. हा पराभव ताकदीचा म्हणायचा की अनुभवाचा? मला तो अनुभवाचा वाटतो. गोल झाल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत काय करायचे, हे अशा सामन्यात एकदा पोळल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या पोरांना असे सामने तोवर मिळालेच किती होते?

हीच पोरे पुढच्याच महिन्यात इंडियन ॲरोज म्हणून आय-लीगमध्ये मोठ्या माणसांच्या संघांविरुद्ध उतरली. प्रशिक्षक डी मॅटोसच. पहिल्या सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले, आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. त्या हंगामात ॲरोज दहा संघांत शेवटचे आले, हेही खरे आहे आणि ते मी लपवत नाही. पण त्या शून्य गुणांच्या संघातली किती पोरे पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळली, ते पाहा. अनिकेत जमशेदपूर आणि हैदराबादसारख्या संघांतून आयएसएल खेळला. जीक्सन भारताच्या मुख्य संघात गेला. गुणतक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

एकच प्रशिक्षक, दोन वह्या

आता जे उदाहरण सांगते ते आपल्या कामाच्या सर्वांत जवळचे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारत खेळला. कर्णधार होती अस्तम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. झारखंडच्या आणखीही मुली त्या संघात होत्या. निकाल असे लागले. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल झाले, आपला एकही नाही.

प्रशिक्षक कोण होते? स्वीडनचे थॉमस डेनरबी. याच डेनरबींच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनच्या महिला २०११ च्या विश्वचषकात तिसऱ्या आल्या होत्या, आणि त्या स्पर्धेत त्यांनी गटात अमेरिकेच्या मुख्य संघाला २-१ असे हरवले होते. म्हणजे एकाच माणसाच्या वहीत अमेरिकेविरुद्ध एका पानावर २-१ असा विजय आहे आणि दुसऱ्या पानावर ०-८ असा पराभव. अकरा वर्षांत हा माणूस फुटबॉल विसरला का?

विसरला नाही. त्याच्या हाती जे आले ते वेगळे होते. अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाइन नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना खेळातही मुलांसारखी संधी देणे त्याने भाग पाडले. त्यानंतर पन्नास वर्षे तिथल्या मुली शाळेत, क्लबात, कॉलेजात खेळत आल्या. भुवनेश्वरला आपल्या मुलींसमोर अकरा अमेरिकन मुली उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे पन्नास वर्षे उभी होती. ते अंतर कोणताही प्रशिक्षक एका शिबिरात भरून काढू शकत नाही. त्या आठ गोलांचा जाब विचारायचा तर तो फक्त डेनरबींना विचारून भागणार नाही. मुलींना सहाव्या-सातव्या वर्षी मैदानावर का आणले नाही, हे आपल्या सगळ्यांना विचारावे लागेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला तीन चाकरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. धन्याने एकाला पाच, एकाला दोन आणि एकाला एक तालांत दिला. परत आल्यावर दोनाचे चार करणाऱ्याला आणि पाचाचे दहा करणाऱ्याला त्याने सारखीच शाबासकी दिली. दुसऱ्याला, तू दहा का आणले नाहीस, असे विचारले नाही. आणि तालांत पुरून ठेवणाऱ्याचे, धनी कठोर आहे म्हणून भ्यालो, हे कारणही त्याने ऐकून घेतले नाही. मला वाटते प्रशिक्षकाचा हिशेब याच दोन बाजूंनी घ्यायचा असतो. दिले किती ते पाहून मागावे, आणि जे दिले त्याचे काय केले हे विचारल्याशिवाय सोडू नये. पेन स्टेटच्या प्रशिक्षकाला पाच दिले होते. रहीम मास्तरांच्या हाती एक होता.

आपली वही

आता आपल्या प्रशिक्षकांकडे वळते. ते इथे बसलेले नाहीत, ते बरेच झाले. त्यांना संकोच वाटला असता.

समोर कोण होते? पेठांचे संघ. तिथले पोरगे चालायला लागते तेव्हा त्याच्या पायाशी चेंडू येतो. बाप खेळलेला, चुलता खेळलेला, तालमीचा फोटो भिंतीवर. सामना असला की गल्ली रिकामी होऊन स्टेडियमवर जाते. आपली मुले वाड्या-पाड्यांवरून पाचवी-सहावीत आपल्याकडे येतात. पळायला ती कोणाला ऐकत नाहीत, डोंगर चढून त्यांचे पाय तयार झालेले असतात. पण ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना इथे आल्यावर पहिल्यांदा कळते.

हाताशी काय आहे? आठवड्यातून तीन संध्याकाळी, तेही अभ्यासाच्या तासाआधी. मैदान उसने. बूट दोघांत एक जोडी, म्हणून बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट घालतो. हे मी कौतुकाने सांगत नाही. आपल्या समितीच्या खर्चाच्या वहीत बुटांच्या पुढे जी रक्कम आहे ती मीच लिहिलेली आहे, म्हणून मला माहीत आहे.

काय बदलले? इथे मी प्रशिक्षकांची बाजू घेणार नाही. हा रकाना मला आज भरता येत नाही, कारण आपण तो कधी ठेवलाच नाही. आपल्याकडे फक्त जिंकले-हरले एवढे लिहिलेले आहे. किती गोलांनी, कोणत्या वेळी झाले, त्याच संघाशी पुन्हा खेळलो तेव्हा काय झाले, यातले काही नाही. रहीम मास्तरांचे आकडे सत्तर वर्षांनी मी तुम्हाला ओळीने वाचून दाखवू शकले, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले होते. आपल्या मागच्या वर्षीच्या सामन्यांचे आकडे आज वाचता येत नाहीत.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

पहिली. मानधन पुढची दोन वर्षे चालू ठेवावे. दोन वर्षांत एकाच तगड्या संघाशी निदान चारदा गाठ पडते, आणि चार निकाल ओळीने ठेवले की अंतर कमी होते आहे की नाही ते दिसते. एका सामन्यावरून ते कळत नाही.

दुसरी. वही ठेवावी. प्रत्येक सामन्यापुढे प्रतिस्पर्ध्याचे नाव, अर्ध्या वेळेचा आणि शेवटचा गोलफलक, आणि प्रशिक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन वाक्ये. काय चुकले आणि पुढच्या वेळी काय करणार? जो प्रशिक्षक ही दोन वाक्ये लिहू शकत नाही, किंवा दर वेळी पंचावर नाहीतर मुलांवर खापर फोडतो, त्याच्याबद्दल दोन वर्षे थांबण्याचीही गरज नाही.

तिसरी. तगड्या संघांशी सामने कमी करू नयेत, वाढवावेत. आपण जर पराभवांची संख्या मोजून मानधन ठरवू लागलो तर कोणताही शहाणा माणूस काय करेल? तो मोठ्या संघांशी खेळणेच टाळेल. दुबळ्यांशी दहा सामने ठेवेल, दहाही जिंकून आपल्यापुढे वही ठेवेल. आपण खूश, देणगीदार खूश, आणि मुले होती तिथेच. आपल्या मोजण्याच्या पद्धतीनेच आपण त्याला भित्रे बनवलेले असेल.

चौथी सूचना गोलफलकाशी संबंधित नाही, पण माझ्या लेखी सर्वांत वरची आहे. हजेरीची वही प्रशिक्षकांच्या वहीशेजारी ठेवून वाचावी. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेली मुले जूनमध्ये सगळी परत येत नाहीत, हे इथल्या प्रत्येक अधीक्षकाला माहीत आहे. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणाचे लग्न ठरते, कोणाला धाकट्या भावंडांसाठी ठेवून घेतात. फुटबॉल खेळणारी मुले परत येतात का? दहावीपर्यंत टिकतात का? दुखापत झाली तर प्रशिक्षक दवाखान्यात जातात का? हरल्यावर मुलांवर हात उगारतात का? मुलींनाही मैदानाची वेळ मिळते का? या प्रश्नांची उत्तरे वाईट आली तर पेठांच्या सगळ्या संघांना हरवून आलेला प्रशिक्षकही आपल्याला नको. आणि चांगली आली तर मोठ्या संघाविरुद्धचे चार पराभव आपण सोसू शकतो.

मित्रहो, मतदान तुमचे आहे. विरोधात मत द्यायचे असेल त्यांनी अवश्य द्यावे; प्रश्न विचारणाऱ्यांमुळेच संस्थेचा पैसा नीट राहतो. फक्त हात वर करण्यापूर्वी एवढे पाहावे की आपण प्रशिक्षकांकडून जे मागतो आहोत, ते मिळवण्यासाठी लागणारे बूट, मैदान आणि वेळ आपण त्यांना दिले होते का. जेवणानंतर खर्चाची वही मी टेबलावर ठेवणार आहे. बुटांचे पान उघडूनच ठेवते.